उजवी बाजू दाखवली आहे, डावी तशीच

दवाखाना सोडला तर माझी बायको पाच महिने घराबाहेर पडली नव्हती, आणि कारण विचारलं की म्हणायची, ब्लाऊज नाही.

हे कोणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते, कारण तिच्या कपाटात बेचाळीस ब्लाऊज होते. मी मोजले होते. निवृत्त माणसाची मोजायची सवय जात नाही आणि मोजायला फारसं काही उरलेलं नसतं. हे बेचाळीसही तिनं स्वतः शिवलेले. आमच्या घरात विकतचा कपडा म्हणजे बनियन, मोजे आणि थंडीतले स्वेटर. बाकी सगळं तिच्या मशीनवर झालेलं.

ती ग्वाल्हेरची. लग्न होऊन आली तेव्हा पायमशीन बरोबर घेऊन आली. भोपाळला, पिपलानीच्या आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये मशीन आणि माझं ड्रॉइंगचं टेबल दोन्ही मावेनात, तेव्हा टेबल मागच्या व्हरांड्यात गेलं. मी मूळचा साताऱ्याकडचा. इथल्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो आणि चौतीस वर्षांनी ड्राफ्ट्समन म्हणूनच बाहेर पडलो, फक्त नावापुढे 'सीनियर' लागलं. तेवढ्या काळात मी मोठमोठ्या यंत्रांच्या लहान लहान भागांची ड्रॉइंगं काढली. त्यातलं एकही यंत्र चालताना पाहिलं नाही, पण चुकलेलंही ऐकिवात नाही.

माझे शर्ट तिच्याच हातचे. ते अंगावर असे बसायचे की ऑफिसातले लोक टेलरचा पत्ता विचारायचे. मी सांगायचो की टेलर कोणीही असो, मूळ शरीर प्रमाणात पाहिजे. एकदा भोपाळजवळच्या मंडीदीपला कामासाठी गेलो होतो, तिथे शर्टावर ग्रीस सांडलं, म्हणून नाइलाजानं एक रेडीमेड शर्ट घेतला. त्याची कॉलर दिवसभर एका बाजूला सरकत राहिली आणि खालची किनार डावीकडे लोंबत राहिली. घरी आल्यावर मी रेडीमेडवाल्यांच्या बेफिकिरीवर चांगला पंधरा मिनिटं बोललो. ती मेथी निवडत ऐकत होती.

मागच्या दिवाळीनंतर तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली आणि स्तन काढावा लागला. इथे मी हे वाक्य सरळ लिहिलं आहे, पण तेव्हा घरात ते कोणी सरळ म्हणत नव्हतं. मी 'ऑपरेशन' म्हणायचो, माझे भाऊ 'ते' म्हणायचे, आणि ग्वाल्हेरची तिची धाकटी बहीण फोनवर नुसतं "कसं आहे?" विचारून थांबायची. पुढचे उपचार झाले, केस गेले, पुन्हा बारीक उगवले. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. डावा हात मात्र खांद्याच्या वर जाईना आणि संध्याकाळपर्यंत दंड सुजायचा. त्या हातावर जोर द्यायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. मशीनवर उजव्या हातानं चाक फिरवता येतं, पण कापड धरायला डावा लागतोच. तिनं मशीनवर झाकण घातलं आणि वर फुलदाणी ठेवली.

बेचाळीस ब्लाऊजांपैकी एकही आता तिला होत नव्हता. डावी बाही सुजलेल्या दंडावर अडकायची आणि पुढून डावी बाजू रिकामी पडायची. घरात ती गाऊन घालून वर ओढणी घ्यायची. बेल वाजली की आतल्या खोलीत जायची आणि मी दारातच लोकांना सांगायचो, जरा पडली आहे. मंगळवारच्या भजनाच्या बायका दोनदा येऊन दारातूनच परत गेल्या. दवाखान्यात जाताना डावी बाही उसवलेल्या ब्लाऊजवर साडी नेसायची, पण पदर दोन्ही खांद्यांवरून शालीसारखा गुंडाळून घ्यायची. भोपाळच्या मे महिन्यात. दवाखान्याच्या बाकावर बाकीच्या बायका कागदानं वारा घेत असायच्या आणि ही थंडी वाजल्यासारखी बसलेली.

अशात तिच्या बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं, जूनमध्ये, ग्वाल्हेरला. ही भाची लहानपणी प्रत्येक सुट्टीत आमच्याकडे यायची. तिचे सगळे फ्रॉक हिनंच शिवलेले. मुलगी फोनवर म्हणाली, "मावशी, तू नाही आलीस तर मी नाही बसणार बोहल्यावर." फोन ठेवल्यावर बायको मला म्हणाली, "तुम्ही जाऊन या. सांगा की कमजोरी आहे."

"पण तुला यायचं नाही का?"

"मला यायचंय," ती म्हणाली. "काय घालून येऊ?"

टेलरकडे जा, असं मी म्हटलं, तेव्हा तिनं दोनच वाक्यांत विषय संपवला. पुरुष टेलरला ती सांगणार नव्हती, आणि कॉलनीतल्या शिवणाऱ्या बाईला सांगितलं की दिवे लागायच्या आत सगळ्या कॉलनीला कळणार होतं. ती बाई वाईट नाही. तिचं दुकान बसस्टॉपला लागून आहे, एवढंच.

मग मी एक शहाणपणाची गोष्ट बोललो. म्हटलं, "पदर डाव्याच खांद्यावरून जातो ना? डावी बाजू तशीही झाकलेलीच असते. कोणाला दिसणार आहे?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "मला दिसतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनवरची फुलदाणी उचलून टीव्हीवर ठेवायला गेलो, आणि टीव्ही आता भिंतीवर असतो हे लक्षात आल्यावर खाली ठेवली. म्हणालो, "मी शिवतो." ती हसली नाही. हसली असती तर मी बहुतेक सोडून दिलं असतं.

पहिले पंधरा दिवस उशांचे अभ्रे. शिवण सरळ यावी ही माझी अपेक्षा काही अवास्तव नव्हती, मी आयुष्यभर सरळ रेषाच मारल्या होत्या. पण कागद जागेवर राहतो, कापड चालतं. तीन सुया मोडल्या. दोरा खालून गुंतून असा गोळा व्हायचा की कात्रीशिवाय सुटायचा नाही. ती शेजारी खुर्चीवर बसून बघायची आणि मधूनमधून म्हणायची, "पाय हळू." कधी म्हणायची, "ओढू नका, जाऊ द्या त्याला." आमच्या संसारात मी तिला काही शिकवलं त्याचे दाखले पुष्कळ आहेत, ते मीच सांगत असतो. तिनं मला काही शिकवण्याची ही पहिलीच वेळ असावी, किंवा माझ्या लक्षात आलेली पहिली. उसवण्यातच माझा निम्मा वेळ गेला. पण सहाव्या अभ्र्याची शिवण तिनं नखानं चाचपून पाहिली आणि म्हणाली, "हा ठेवा." बाकी पाचांची फडकी झाली.

मग कटिंग. इथे मात्र मी एकदम खूश झालो. शिवणकामात कापड दुमडून, घडीवर अर्धाच आकार आखतात आणि दोन्ही थर एकदम कापतात. उघडलं की दोन्ही बाजू सारख्या. आम्ही ड्रॉइंग ऑफिसात नेमकं हेच करायचो. भाग दोन्हीकडून सारखा असेल तर मधोमध रेषा मारायची, फक्त उजवा अर्धा काढायचा आणि खाली टीप लिहायची: उजवी बाजू दाखवली आहे, डावी तशीच. वेळ वाचतो, कागद वाचतो, चुका निम्म्या होतात. या टिपेवर मी निम्मी नोकरी काढली. मंडीदीपच्या एका वर्कशॉपनं एकदा ती टीप वाचलीच नाही आणि उजव्या-डाव्या जोडीचे चाळीसच्या चाळीस ब्रॅकेट उजवेच बनवून पाठवले, तेव्हा त्यांना जे पत्र गेलं ते माझ्या हातचं होतं. पत्र कडक होतं.

मापं घ्यायचा दिवस आला. ती खोलीच्या मधोमध, खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि दोन्ही हात शरीरापासून थोडे लांब धरले. उजवा जास्त, डावा जमेल तेवढा. मी उजव्या खांद्याची रुंदी घेतली, काखेभोवती उजवा मुंढा घेतला, उजवा दंड, उजवीकडून छाती मध्यापर्यंत, उंची, पाठ, गळा. एकेक आकडा मोठ्यानं म्हणून वहीत लिहिला. मग टेप गुंडाळला.

ती तशीच उभी होती, हात लांब धरून.

"झालं," मी म्हणालो.

"झालं?"

"हो. झालं."

तिनं हात खाली घेतले.

मी जुना ट्रेसिंग पेपर काढला, टोकदार पेन्सिल केली आणि दोन दिवस बसून पूर्ण मापाचं ड्रॉइंग काढलं. शिवणीसाठी चारी बाजूंनी किती माया सोडायची तेही तुटक रेषेनं दाखवलं. डाव्या बाजूचा प्रश्न मी माझ्या पद्धतीनं सोडवला होता. दवाखान्यातून घेतलेला तयार पॅड तिनं आठवडाभर वापरून लोकरीच्या कपड्यांमागे ठेवून दिला होता. म्हणाली होती, "गरम होतं. आणि माझं नाही." पहिला मुद्दा मला पटला, दुसऱ्याचं काय करायचं ते कळलं नाही. म्हणून मी ठरवलं की आतून कापडी खिसा द्यायचा आणि त्यात सुती पिशवी. वजनाला मोहरी. किती मोहरी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठरवलं. म्हणजे उजव्या बाजूला जे आहे तेच डावीकडे येणार, आणि ड्रॉइंग अर्धंच पुरणार. खाली कोपऱ्यात सवयीप्रमाणे चौकट आखली, त्यात 'काढणार' समोर सही केली, 'तपासणार' समोरची जागा मोकळी ठेवली. आणि टीप लिहिली.

तिनं चष्मा लावून ड्रॉइंग पूर्ण पाहिलं. टीप दोनदा वाचली असं मला वाटलं. मग कागद परत देत म्हणाली, "मांजरपाटाचा शिवा आधी. लग्नासाठी काढलेल्या चंदेरी कापडाला अजून कात्री नका लावू."

मांजरपाट म्हणजे ते जाडंभरडं, न रंगवलेलं स्वस्त कापड. त्यावर तालीम करायची आणि चूक तिथेच भोगून घ्यायची, ही तिची पद्धत. मला तो वेळेचा अपव्यय वाटला. ड्रॉइंग बरोबर असेल तर वस्तू बरोबर येते, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "येऊ द्या की मग."

चार दिवसांनी ब्लाऊज तयार झाला. दिसायला खरोखर चांगला होता. मी तो इस्त्री करून तिच्या हातात दिला, मोहरीची पिशवी खिशात घालून.

उजवी बाही गेली. डावी दंडाशी अडकली. तिनं ओढली, मी ओढली, मग तिच्या कपाळावर आठी आली आणि मी सोडली. तशीच अर्धवट चढवून तिनं पुढची बटणं लावली, एका हातानं, आणि आरशासमोर उभी राहिली. उजवीकडे सगळं जागच्या जागी होतं. डावीकडे कापड फुगून उभं होतं आणि आतली पिशवी काखेकडे सरकली होती. ती आरशातून माझ्याकडे वळली तेव्हा मोहरी खळखळली. तो आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला.

"लग्नात फोडणीला कमी पडली तर कामाला येईल," ती म्हणाली.

मी म्हणालो की बाही सैल करता येईल, खिसा घट्ट करता येईल, पहिल्या नमुन्यात एवढं चालायचंच.

"तुम्ही डावीकडे टेप लावलाच नाही," ती म्हणाली.

मी तिला पद्धत समजावून सांगितली. मध्यरेषा, अर्धं ड्रॉइंग, टीप. सगळ्या जगात असंच करतात, आणि शिवणकामातसुद्धा घडीवरच कापतात, हे तूच मला दाखवलंस. माझा आवाज चढला होता. मंडीदीपच्या ब्रॅकेटचाही उल्लेख झाला.

तिनं शांतपणे बटणं काढली, गाऊन घातला आणि म्हणाली, "तुमचा तो निळा शर्ट आणा. माझ्या हातचा."

मी आणला. तिनं तो टेबलावर पसरला, बटणपट्टी मध्ये धरून उजव्या हातानं दुमडला, बाजूच्या शिवणी एकमेकींवर बसवल्या आणि मला म्हणाली, "खांदे बघा."

खांदे जुळत नव्हते. उजवा वर होता. मी टेप लावला. अर्धा इंच. मला वाटलं धुऊन आक्रसला असेल. दुसरा शर्ट आणला, पांढरा. अर्धा इंच. मग रेघांचा. तिसऱ्यानंतर मी आणणं थांबवलं.

"बोर्डावर उजवा कोपर टेकवून उभं राहायचात दिवसभर," ती म्हणाली. "लग्नानंतर आठ-दहा वर्षांत दिसायला लागलं. कॉलर सरकायची तुमची. मग मी घडीवर कापून झालं की कापड उघडायची आणि डावा खांदा थोडा उतरवायची. आधी पाव इंच. मग वाढत गेलं."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही खांदा सरळ करायला निघाला असतात. व्यायाम, पट्टे, डॉक्टर. पूरं घर डोक्यावर घेतलं असतं." तिनं शर्टाची घडी घातली. "मला खांदा सरळ नको होता. मला शर्ट बसायला पाहिजे होता."

मी आतल्या खोलीत जाऊन आरशासमोर बनियनवर उभा राहिलो. उजवा खांदा वर होता. चांगला दिसण्याइतका वर होता. चौसष्ट वर्षांच्या माणसाला हे माहीत नव्हतं, आणि तो प्रमाणबद्ध शरीराच्या गोष्टी ऑफिसभर सांगत फिरला होता. मला लाज वाटली, पण खांद्याची नाही. ती तिकडे हात लांब धरून उभी होती आणि मी टेप गुंडाळला, त्याची वाटली.

खरं असं होतं की मी घाबरलो होतो. दवाखान्यात मलमपट्टी नर्सनं केली, घरी तिची तिनं केली, आणि मी प्रत्येक वेळी पाणी गरम करायला जायचो. पाच महिन्यांत मी ती बाजू नीट पाहिली नव्हती. अर्धं ड्रॉइंग काढायला मला निमित्तच मिळालं होतं. बाहेरच्या लोकांची नजर चुकवायला ती घरात बसली आहे असं मी धरून चाललो होतो, आणि घरात मी नजर चुकवत होतो.

मी टेप घेऊन परत आलो. म्हणालो, "उभी राहा जरा."

ती उभी राहिली. या वेळी गाऊन काढून. दुपार होती, खिडकीतून भरपूर उजेड येत होता, कूलर चालू होता. मी डावा खांदा मोजला, मुंढा मोजला, दंड सकाळी किती आणि संध्याकाळी किती ते दोनदा मोजायचं ठरवलं. व्रण काखेपासून सुरू होऊन तिरका खाली मध्याकडे येतो. मी टेपचं एक टोक तिच्या काखेशी धरलं आणि दुसरं टोक तिनं स्वतःच्या उजव्या हातानं धरलं. त्वचा तिथे गुळगुळीत होती, आणि गरम. का कोणास ठाऊक, मला ती गार असेल असं वाटलं होतं.

"टेप गार आहे," ती म्हणाली.

"कूलरमुळे," मी म्हणालो. मग मी आकडा दोनदा चुकीचा लिहिला. तिनं तो वहीत बघून दुरुस्त करून दिला.

नवं ड्रॉइंग पूर्ण काढलं. घडी नाही, टीप नाही. दोन्ही बाजू वेगळ्या, दोन वेगळ्या वस्तू असाव्यात तशा, फक्त मध्ये एकत्र यायच्या. पॅडचा खिसा तिनं पेन्सिलनं खोडला. "खोटं काही नको," ती म्हणाली. "पण झोळही नको. आहे तसं बसलं पाहिजे." आहे तसं बसवायचं म्हणजे काय काय करावं लागतं हे मला पुढच्या तीन आठवड्यांत कळलं. डावीकडचा टक, म्हणजे उभारासाठी घालतात ती चुणी, काढून टाकला, कारण तिथे उभार नव्हता, आणि ते कापड सपाट बसावं म्हणून कापायच्या दिशा बदलल्या. व्रणावर एकही शिवण येऊ द्यायची नव्हती, म्हणून बाजूची शिवण दोन बोटं मागे सरकवली. अस्तराला तिच्या वडिलांचं जुनं धोतर घेतलं, शंभर धुण्यांनी मऊ झालेलं. ते इतकी वर्षं ती कशासाठी जपून ठेवत होती ते तिलाही सांगता आलं नाही. डावी बाही संध्याकाळच्या मापानं कापली आणि काखेत एक चौकोनी तुकडा जोडला, हात जेवढा वर जातो तेवढा जाऊ द्यायला. हुक पुढून, मोठे, एका हातानं लागणारे.

एक-एक गोष्ट मी आधी चुकीची केली. मांजरपाटाचे एकूण चार ब्लाऊज झाले. चौथा घालून ती स्वयंपाकघरात गेली आणि पोळ्या करायला लागली, आणि पोळ्या संपेपर्यंत ब्लाऊजबद्दल काही बोलली नाही. मी दारात वाट बघत उभा होतो. शेवटची पोळी डब्यात ठेवताना म्हणाली, "अरे, हा अंगात आहे हे विसरलेच मी."

मग चंदेरीला कात्री लावली. गर्द जांभळी, बारीक जरीची. ती कात्रीखाली नुसती पळत होती. ड्रॉइंगवर 'तपासणार' समोर तिनं सही केली, पूर्ण नावानं, माहेरच्या वळणाच्या अक्षरात. चौतीस वर्षांत माझी ड्रॉइंगं तपासणाऱ्या साहेबांनी एवढा वेळ कधी लावला नव्हता.

ग्वाल्हेरला जाताना गाडीत तिनं पदर दोन्ही खांद्यांवर घेतलेला होता. बहिणीच्या घरी पोचलो तेव्हाही तसाच होता. लग्नाच्या दिवशी सकाळी ती तयार व्हायला खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर सनई लागली होती, बायका येत-जात होत्या, आणि मी दाराशी खुर्ची टाकून पहाऱ्यावर बसल्यासारखा बसलो होतो. माझ्या अंगात विकतचा सिल्कचा शर्ट होता, कारण माझा नवा शर्ट शिवायला घरात कोणाला फुरसत झाली नव्हती. कॉलर डावीकडे सरकत होती. मी ती ओढून मध्ये आणत होतो आणि ती परत जात होती.

ती बाहेर आली. बहीण समोरून ताट घेऊन चालली होती, ती थांबली, ताई म्हणून हाक मारली आणि ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "सुंदर बसलाय गं. कुठे शिवला?"

"ड्रॉइंग ऑफिसात," बायको म्हणाली आणि अक्षता घ्यायला पुढे गेली.

जेवणांनंतर भाचीनं आम्हाला दोघांना फोटोसाठी ओढून स्टेजवर नेलं. फोटोग्राफर तिथलाच, हिंदी बोलणारा. त्यानं आम्हाला नवरा-नवरीच्या बाजूला उभं केलं, कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला.

"अंकल, राइट शोल्डर थोड़ा नीचे."

मी खांदा खाली घेतला. तो गेला नाही.

"अंकल, थोड़ा और. सीधा कर लीजिए."

सगळे बघत होते. मी पुन्हा प्रयत्न केला आणि मला घाम फुटला.

"रहने दो भैया," बायको म्हणाली. "इनका ऐसा ही है. ऐसे ही ले लो."

त्यानं तसाच घेतला. तो फोटो भाचीनं मागच्या आठवड्यात पाठवला. त्यात माझी कॉलर वाकडी आहे आणि खांदा वर आहे. ती माझ्या शेजारी उभी आहे, पदर एकाच खांद्यावर, पिन लावून.